हाडं तेवढी आमची

मिठागरावर राबणारा माणूस ढग दिसला की आधी आपल्या वाफ्याकडे बघतो. बाकीची दुनिया पावसाकडे डोळे लावून बसते, आणि ह्यांचं वर्षभराचं पीक उघड्यावर, वाफ्यात पडलेलं असतं. एक बरी सर आली की त्याचं पाणी. त्या साली मोसम अजून भरात होता आणि समुद्राच्या अंगाला काळं दिसायला लागलं. पडत नव्हतं, पण हटतही नव्हतं.

गडगड्याचे वाफे खाडीच्या तोंडाशी होते. गडगड्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, पण आता बायकोसुद्धा रागावली की तेच वापरायची. त्याचा आवाजच तसा होता. साधी पाण्याची कळशी मागितली तरी पलीकडच्या बांधावरचा बगळा उडायचा. ह्याला उभा चिरीन, त्याला आडवा करीन, मालकाला तर एक दिवस दाखवतोच, असं सकाळ-संध्याकाळ चालायचं. प्रत्यक्षात त्यानं आजवर माशीही मारलेली नव्हती, आणि मालक बांधावर आला की "बरं मालक" एवढंच तोंडातून निघायचं, तेही शेजाऱ्याला ऐकू न जाईल अशा बेतानं. "गर्जेल तो पडेल काय," असं त्याची बायको म्हणायची. मिठागरावर याहून मोठी स्तुती नाही.

त्यांना एकच पोर, तिसरीतली मुलगी. उठल्यापासून तोंडाचा पट्टा चालू म्हणून तिला सगळे टिटवी म्हणायचे. शाळेतला धडा ती घरी येऊन मोठ्यानं वाचायची, आणि बाप जेवता जेवता ऐकायचा. त्याला स्वतःला अक्षराची ओळख नव्हती. तरी मध्येच घास थांबवून "ते परत वाच बघू" असं दरडावायचा, जसं काही चूकच पकडलीय. टिटवी खुदकन हसायची आणि परत वाचायची. दोघांनाही माहीत होतं की त्याला नुसतं परत ऐकायचं असतं.

तो पहिला ढग दिसला त्याच रविवारी शाळेतल्या नव्या बाई बांधावरून चालत आल्या. जुने गुरुजी निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी ह्या शहराकडून आलेल्या. तरुण होत्या. चपला हातात घेतलेल्या, पायाला मीठ झोंबत होतं तरी तोंड वाकडं केलं नव्हतं. गडगड्या फळीनं मीठ ओढत होता. पलीकडच्या वाफ्यात त्याचा शेजारी लंबू तेच करत होता, आणि टिटवी पाण्याची कळशी घेऊन बांधावर उभी होती.

"शाळेनं यंदा पालकांचं ऐकायचं ठरवलंय," बाई म्हणाल्या. "शाळेत काय बरं चाललंय, काय बदलायला हवं, ते तुम्ही सांगायचं. मी फक्त ऐकायला आलेय."

गडगड्या फळीवर रेलून उभा राहिला. असा प्रश्न त्याला जन्मात कोणी विचारला नव्हता. मालक सांगायचा, मुकादम सांगायचा, बायको तर सांगायचीच. तुला काय हवं असं विचारणारं कोणी भेटलं नव्हतं. आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं होतंही. वर्गाची मागची खिडकी तुटली होती आणि वारा सुटला की मिठाची धूळ पोरांच्या डोळ्यांत जायची. शिवाय एक गोष्ट विचारायची होती: आपली पोर खरोखरच हुशार आहे, की अडाणी बापाला उगाच तसं वाटतं? दोन्ही गोष्टी जिभेवर आल्या होत्या. पण लंबूनं आपली फळी थांबवली होती आणि तो कान देऊन ऐकत होता. मग गडगड्यानं त्या गावातला बाप मास्तराला जे सांगतो तेच सांगितलं, फक्त इतरांपेक्षा मोठ्यानं.

"सांगायचं काय त्यात, बाई! पोर तुमच्या हवाली केली. चामडं तुमचं, हाडं तेवढी आमची. चुकली की हाणा. माझी म्हणून गय करू नका!"

आता हे बोलणं म्हणजे काय, ते गावात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. कोणी 'जेवूनच जा' म्हटलं म्हणून लगेच पाटावर बसायचं नसतं, तसलाच हा प्रकार. जुने गुरुजी "बरं बरं" म्हणायचे, मान डोलवायचे आणि छडीनं फळ्यावरची नदी दाखवायचे. त्या छडीचा दुसरा उपयोग कोणी पाहिला नव्हता. पण बाई गावातल्या नव्हत्या. त्या खरंच ऐकायला आल्या होत्या.

"मी मुलांना मारत नाही," त्या जरा चाचरत म्हणाल्या.

"मग शिकायची कशी ती?" लंबूनं पलीकडून तोंड घातलं. "माझ्या पोरालाही दोन ठेवून द्या. मी सांगतोय ना!"

"तुम्ही घरी मारता?" बाईंनी गडगड्याला विचारलं.

गडगड्यानं लंबूकडे पाहिलं. "मारतो म्हणजे? सोलून काढतो!"

टिटवीनं चमकून बापाकडे पाहिलं. मग ती कळशी खाली ठेवून पायाच्या अंगठ्यानं बांधाची माती उकरत राहिली. बाई तिच्याकडे बघत होत्या. मग "ठीक आहे, ऐकलं मी" असं म्हणून त्या पुढच्या वाफ्याकडे गेल्या.

दुपारी जेवताना बायकोनं विषय काढला. ती मिठाच्या ढिगामागे होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. "काय हो, कोणाला सोलून काढता तुम्ही? पोरीला साधी टपली मारली नाहीत कधी."

"अगं, बोलायचं असतं तसं. लंबू बघत होता."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती बाई नवी आहे."

"बोलल्यानं काय अंगाला भोकं पडतात?" असं म्हणून त्यानं विषय संपवला.

दुसऱ्या आठवड्यापासून ढग दुपारीच चढायला लागले. मालकाचा निरोप आला की पाऊस येईल तेव्हा जे वाफ्यात असेल ते ज्याचं त्याचं नशीब, बांधावर चढलेलं तेवढंच मोजलं जाईल. मग गावात कोणी कोणाशी बोलेना. पहाटे, अजून नीट दिसतही नसताना, माणसं वाफ्यात उतरायची. मीठ पुरतं पिकलेलं नसायचं, खाली चिखल असायचा, आणि फळी जरा खोल गेली की काळं मीठ वर यायचं. काळं मीठ मालक घेत नाही. म्हणून हात सांभाळून ओढायचं, आणि घाईही करायची. गडगड्याच्या टाचांच्या भेगांत मीठ शिरून त्यांना पाणी सुटलं होतं. बायकोच्या बोटांची सालं निघाली होती. पाट्या भरायच्या, डोक्यावर घ्यायच्या, निसरड्या बांधावरून ढिगापर्यंत न्यायच्या, आणि परत यायचं.

टिटवीला त्यानं पहिल्या दिवशी म्हटलं, "आज जरा हात लाव, मग शाळेत जा." दुसऱ्या दिवशी काही म्हटलं नाही, ती आपणहून उठली. वाफ्याच्या कडेचं मीठ ती छोट्या फळीनं गोळा करायची आणि अर्धी पाटी भरून आईच्या मागोमाग पळायची. शाळेची घंटा झाली की पाय न धुताच दप्तर उचलायची. गावातली सगळीच पोरं तशी राबत होती, त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. वाटायला सवड पण हवी.

त्याच आठवड्यात कधीतरी टिटवी गप्प झाली. बापाच्या लक्षात आलं नाही. तो संध्याकाळी आडवा व्हायचा तो सकाळीच उठायचा. आईनं मात्र गालावरचा लाल वळ पाहिला आणि विचारलं.

"पडले," टिटवी म्हणाली.

"कुठं?"

"शाळेत."

आईनं हळद लावली. पाट्यांच्या नादात पुढं विचारायचं राहून गेलं. धडा वाचायचाही राहून गेला होता, एक दिवस, मग दुसरा दिवस. गडगड्याला जेवताना काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, पण काय ते ध्यानात येईपर्यंत डोळे मिटायचे.

मग एके सकाळी मालकाचा ट्रॅक्टर मीठ भरून बांधावरून उलटा मागं येत होता. चालवणारा मान वळवून एका बाजूला बघत होता आणि टिटवी नेमकी दुसऱ्या बाजूला, ट्रॅक्टरकडे पाठ करून पाटी भरत होती. गडगड्या वाफ्यात होता, तिच्या डाव्या हाताला, आणि वारा उजवीकडून घोंघावत होता. तो ओरडला. मिठागरावरचा एकूण एक माणूस वळला. लंबू वळला, बायको वळली, ट्रॅक्टरवाल्यानं दचकून ब्रेक दाबला. एक टिटवी तेवढी वळली नाही. ती निवांत मीठ गोळा करत होती आणि मागचं चाक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबलं होतं.

गडगड्या चिखल तुडवत आला. तो भ्याला होता, आणि भ्यालेल्या माणसाला राग फार येतो. "बहिरी आहेस काय गं?" म्हणून त्यानं तिला दंडाला धरून आपल्याकडे फिरवलं आणि हात वर केला. मारायला नव्हे, बोलताना त्याचा हात नेहमीच वर जायचा. टिटवीनं डोळे मिटले. ती पळाली नाही, रडली नाही, हात आडवा धरला नाही. तिनं गाल थोडासा पुढं केला आणि वाट बघत उभी राहिली. असं उभं राहायला तिला कोणीतरी शिकवलं होतं.

त्याचा हात तसाच वर राहिला. मग त्याला तिच्या डाव्या कानातून मानेकडे आलेला पिवळा ओघळ दिसला, त्याच्यावर मिठाची धूळ बसलेली. त्यानं हात खाली आणला. बायको पाटी टाकून धावत आली आणि पदरानं पोरीचा कान पुसायला लागली. "हे कधीपासून?" असं विचारलं तेव्हा त्याचा आवाज कोणाला ऐकूच आला नाही.

ऐन घाईच्या दिवसांत वाफा सोडून तो पोरीला घेऊन बाजारच्या गावी गेला. कानाच्या डॉक्टरकडे गर्दी होती. बाकावर एक जागा रिकामी झाली तरी तो उभाच राहिला, कारण त्याच्या कपड्यांचं मीठ बाकावर सांडलं असतं. डॉक्टरांनी टिटवीच्या कानात उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाले, "पडद्याला भोक पडलंय. वर पिकलाय. औषध देतो. भोक भरून येईल, कदाचित नाहीही येणार. कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये. कोणी मारलं हिला?"

"मी नाही," गडगड्या म्हणाला.

डॉक्टरांनी त्याचे पंजे पाहिले, फळी ओढून घट्टे पडलेले. मग खुर्ची टिटवीच्या उजव्या बाजूला सरकवून त्यांनी तिला विचारलं, "बाबांनी मारलं का, बाळ? घाबरू नकोस."

टिटवीनं नाही म्हणून मान हलवली. "बाईंनी मारलं," ती म्हणाली. आणि मग बापाची बाजू राखावी म्हणून की काय, लगेच पुढं म्हणाली, "पण बाबांनीच सांगितलं होतं त्यांना."

डॉक्टरांनी खुर्ची मागं सरकवली. त्यांनी औषध लिहून दिलं, आणि कागद बापाच्या हातात न देता टेबलावर ठेवला. गडगड्यानं तो उचलला.

परतीच्या वाटेवर तो तिच्या उजवीकडून चालत होता. "टिटवे, तू घरी का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच तर म्हणालात, हाणा म्हणून."

"ते... ते तसं म्हणायचं असतं."

"म्हणजे?"

त्यानं औषधाचा कागद उगाच उलटसुलट करून पाहिला.  त्याला कानाचं दुःख होतंच. पण पोर इतके दिवस मनात काय धरून बसली होती ते आता त्याला कळलं होतं. बाईंनी मारलं ते बाबांच्या मर्जीनं, असं ती मानत होती, आणि त्याबद्दल तिची काही तक्रारही नव्हती. तिनं रडून, भांडून, बापाला दोष दिला असता तरी त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शाळेत गेला. जाताना बायकोला म्हणाला, "उभा चिरतो एकेकाला." बायको म्हणाली, "आता तरी गडगडू नका."

मोठे गुरुजी, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, व्हरांड्यात पोरांच्या पाण्याचं पिंप भरून घेत होते. गडगड्याला बघताच त्यांनी बाईंना हाक मारली. त्यांच्या कानावर ट्रॅक्टरची गोष्ट गेलेली असणार. बाई आल्या. त्यांनी गडगड्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही विचारायच्या आतच सांगायला लागल्या.

"दोन वेळा उठवलं तिला मी. तिसऱ्यांदा झोपली. अर्धा वर्ग झोपला होता त्या दिवशी. मी गालावर मारणार होते, तिनं मान फिरवली. कानावर बसली." त्यांचा उजवा हात डाव्या हातात घट्ट धरलेला होता. "तुमच्याकडे यायला निघाले होते. दोनदा बांधापर्यंत आले आणि परत गेले. धीर झाला नाही."

"झोपणारच ती, बाई. पहाटेपासून माझ्याबरोबर मीठ ओढत होती."

"ते मला कोणी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "मी आले होते विचारायला. तुमच्यापासूनच सुरुवात केली होती. मग घरोघर गेले. प्रत्येक घरी तेच. एक बाप वेगळं बोलला नाही. मला वाटलं, इतकी माणसं म्हणतायत तर माझंच चुकत असेल."

गडगड्या चिरायला आला होता, पण चिरायचं कोणाला? त्यानं मोठ्या गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. त्यांनी पिंपावर झाकण ठेवलं. "आता तुम्हीच बघा. शाळेनं विचारलं, तुम्ही सांगितलं, शाळेनं केलं. आज तुम्ही उलटं सांगताय. उद्या दुसरा येईल. शाळेनं ऐकायचं तरी कोणाचं?"

"माझ्या पोरीचा कान फुटलाय, गुरुजी."

"झालं ते वाईटच झालं. औषधाला काही लागलं तर मी आहे. पण मारू नका हे एकट्या तुमच्या सांगण्यावरून ठरवता येत नाही. बाकीचे बाप माझ्या मानेवर बसतील. ते तर म्हणतायत, बाईंनी पोरं वळणावर आणली. शनिवारी पालकसभा आहे. जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगा, शाळा ऐकेल."

म्हणजे हात दाखवून अवलक्षण, आणि तेही चारचौघांत. गडगड्या "बरं गुरुजी" म्हणाला आणि निघाला. फाटकापर्यंत बाई त्याच्या मागोमाग आल्या. "तिला पाठवा शाळेत," त्या म्हणाल्या. "मी परत कोणावर हात उचलणार नाही. कोणी काही म्हणू दे." त्यानं मान डोलवली, पण टिटवीला पाठवलं नाही.

शुक्रवारी दुपारी पाऊस आला. आधी वारा, मग धूळ, मग पाणी. टिटवीच्या कानात बोळा घालून तिला छपराखाली बसवलं होतं. नवरा-बायको ताडपत्रीची दोन टोकं धरून ढिगावर ओढत होते आणि वारा ती हिसकावून घेत होता. ढीग झाकला गेला. वाफा राहिला. वाफ्यातलं मीठ आधी करडं झालं, मग खाली बसलं, आणि बघता बघता तिथं नुसतं पाणी उरलं. लंबू पलीकडे कपाळाला हात लावून उभा होता. गडगड्याकडून नेहमीचा भडिमार होईल, ढगाच्या आईबापांचा उद्धार होईल, म्हणून त्यानं थोडी वाट पाहिली. "अरे, ओरड की काहीतरी!" शेवटी तोच म्हणाला. गडगड्या ओरडला नाही. तो छपराखाली जाऊन पोरीच्या बाजूला बसला, आणि मग चुकीच्या बाजूला बसलो हे लक्षात येऊन उठून पलीकडे गेला.

शनिवारी सगळा गाव सभेला आला. वाफे बुडाले होते, जायला दुसरीकडे कामच नव्हतं. पोरं पुढं जमिनीवर, आईबाप मागं. टिटवीही आली होती. आईनं तिला वेणी घालून आणलं होतं आणि पोरांत बसवलं होतं. तुटक्या खिडकीतून वारा येत होता. बाई फळ्याशी उभ्या होत्या आणि जमिनीकडे बघत होत्या.

मोठ्या गुरुजींनी सुरुवात केली. पालकांचं म्हणणं शाळा कशी मनावर घेते, हे त्यांनी सांगितलं. कोणीतरी मागून म्हणालं की बाईंचं काम चांगलंय, पोरगं आता पाढे म्हणतं. दुसरा म्हणाला, धाक हवाच. लंबू म्हणाला, "आम्ही मार खाल्ला म्हणून तर माणसं झालो." सगळे हसले. लंबूला पाढे येत नव्हते आणि सहीही येत नव्हती, पण हे कोणी काढलं नाही.

"आणखी कोणाला काही सांगायचंय?" गुरुजींनी विचारलं आणि गडगड्याकडे पाहिलं.

तो उठला. फळी ओढून वाकलेली पाठ त्यानं सरळ केली. रात्रभर मनात घोकलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं होतं. "माझ्या पोरीला मारू नका," तो म्हणाला. आणि मग, "कोणाच्याच पोराला मारू नका."

"मोठ्यानं बोल की!" मागून कोणीतरी म्हणालं. "गडगड्याचा आवाज बसला काय रे, काल भिजून?"

परत हशा पिकला. गुरुजींनी हात वर करून तो थांबवला. "पण तुम्हीच बाईंना सांगितलं होतं. घरी सोलून काढता म्हणालात."

"खोटं बोललो," गडगड्या म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. "मी तिला कधी मारलं नाही. एकदाही नाही. घरी मी... ती वाचते आणि मी ऐकतो. एवढंच."

ह्यावर कोणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, आणि एरवी हसलेही असते. लंबू छपराच्या वाशांकडे बघायला लागला.

पुढं बसलेली टिटवी मात्र इकडं तिकडं बघत होती. बाप तिच्या डावीकडे, मागं उभा होता. तो काहीतरी बोलला, सगळे हसले आणि मग एकदम गप्प झाले, एवढं तिला कळलं होतं. ती बसल्या जागी पुरती वळली आणि उजवा कान पुढं करून म्हणाली, "काय म्हणालात, बाबा?"

परत बोलायचं म्हणजे परत सगळ्यांसमोर. गडगड्या पोरांमधून वाट काढत पुढं गेला आणि तिच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसला. एवढा मोठा बाप्या पोरांत मांडी घालून बसलेला पाहून दोन पोरं बाजूला सरकली.

"मी म्हणालो, मी खोटं बोललो होतो. तुला कोणी मारावं असं मला कधीच वाटलं नाही. कधीच नाही."

टिटवीनं विचारलं, "मग सांगितलंत कशाला?"

"सगळेच सांगतात गं," तो म्हणाला. "मास्तरांना तसं सांगायचं असतं. मनात नसतं कोणाच्या."

"कोणाच्याच नसतं?"

टिटवीचा आवाज मुळातच बारीक आणि तिखट. शेवटच्या रांगेपर्यंत तो नीट ऐकू गेला. गडगड्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याला कोणी विचारतच नव्हतं. पुढं बसलेली सगळी पोरं मागं वळून आपापल्या बापाकडे बघत होती.